दोरीला हात लावलेल्याचा वाटा

माझ्या नातवंडांनो, रूबेन आणि तिया,

गेल्या रविवारी रूबेनने खिडकीचा पडदा सरकवला, मोबाइल काचेला टेकवला आणि मला म्हणाला, "बघ माय. काही नाही."

मी बघितलं. करडी जमीन, करडं पाणी, खांबांवर उभी घरं, एका घराच्या भिंतीला ताणून वाळत घातलेलं कसलंतरी कातडं. तिया मागून ओरडली, "एक झाड नाही!" मग दोघांनी मिळून तक्रारी सांगितल्या. शाळा सोडून तुम्ही कुठेच जात नाही. डिसेंबरात तिथे सूर्य उगवणारच नाही. आणि शेजारच्या म्हातारीने दारात कच्च्या मांसाची पिशवी आणून ठेवली होती, तिला वास येत होता, आणि पेशंटकडून काही घ्यायचं नाही म्हणून आईने ती परत नेऊन दिली.

फोन ठेवला आणि तासाभरात तुमच्या आईचा मेसेज आला. "माय, नाताळानंतर दोघांना तुझ्याकडे पाठवू का? ह्यांचे डॅडी जहाजावर, माझी दवाखान्याची ड्यूटी. पोरं दाराबाहेर पाऊल टाकत नाहीत. तू ठरव. तू म्हणशील तसं करते."

मागच्या खोलीत दोन खाटा आहेत. शाळा पाच मिनिटांवर, समुद्र त्याहून जवळ. "पाठव" हा शब्द मी टाइप केला होता. मग पुसला आणि वहीकडे वळले. एका दिवाळी अंकाच्या संपादकांना मी माझ्या नोकरीवर लेख कबूल केला आहे. तुमच्या आईला उत्तरही द्यायचं आहे. दोन्ही एकाच कागदावर होईल. तुम्हाला मराठी वाचता येत नाही, तेव्हा तुमची आई, लीना, तुम्हाला वाचून दाखवील. त्याआधी ती स्वतः वाचील, आणि तेही जरुरीचं आहे.

उत्तर ध्रुवाजवळचं तुमचं ते बेट हा माझा तीस वर्षांचा धंदा होता. मी ते कधी पाहिलं नाही. शिरोड्याच्या पुढे, माडांच्या रांगेमागच्या एका शाळेत मी पाचवी ते सातवीला भूगोल आणि इंग्रजी शिकवलं. शिक्षिकेचं काम काय, असं कोणी विचारलं तर लोक फळा, खडू, परीक्षा सांगतात. भूगोलाच्या शिक्षिकेचं खरं काम वेगळं. जिथे आपण गेलो नाही आणि पोरंही बहुधा जाणार नाहीत, तिथे त्यांना घेऊन जायचं आणि मधल्या सुट्टीच्या आत सुखरूप परत आणायचं. त्यासाठी मी एक क्रम ठरवला होता. आधी पायाखालची जमीन, मग तिथले प्राणी, शेवटी माणसं. हा क्रम चुकीचा होता, पण ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

आधी माझ्याच नोकरीच्या पहिल्या महिन्याची गोष्ट. मी सावंतवाडीकडची, कॉन्व्हेंटात इंग्रजीत शिकलेली, तेवीस वर्षांची, आणि नियमांची पक्की. गावात खोली घेतली. पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी एक म्हातारा दारात आला. कंबरेपर्यंत भिजलेला, हातात माडाच्या झावळीत गुंडाळलेले चार बांगडे. तो गावातल्या रापणीचा तांडेल.

तुम्हाला रापण सांगायला हवी. मोठं जाळं होडीतून समुद्रात अर्धगोल सोडतात आणि त्याच्या दोन टोकांच्या दोऱ्या किनाऱ्यावर आणतात. मग दोन रांगांनी माणसं त्या दोऱ्या ओढतात, तास दोन तास, जाळं वाळूवर येईपर्यंत. एकट्यादुकट्याचं काम नाही. सगळ्यांवर नजर ठेवणारा तो तांडेल. मासे आले की वाळूवरच त्यांचे वाटे घालतात.

मी म्हटलं, "काका, तुमच्या घरची पोरं आमच्या शाळेत येणार. मला पालकांकडून काही घेता येत नाही." त्याने माझ्याकडे बघितलं, बांगडे उचलले आणि आला तसा निघून गेला.

त्यानंतर गाव माझ्याशी बोलेना. भांडण नाही, शिवी नाही. दुकानदार सामान द्यायचा आणि पाठ करायचा. वर्गात प्रश्न विचारला की चाळीस पोरं जमिनीकडे बघायची. मी बदलीचा अर्ज लिहून हेडमास्तरांच्या टेबलावर ठेवला. गुरुजी गावचेच. त्यांनी अर्ज वाचला, घडी केली आणि मला परत दिला.

"बाई, तुमी तांडेलाक बांगडे परत दिलास?"

"हो. भेटी घ्यायच्या नाहीत, असा नियम आहे."

"नियम बरोबर आसा. पण ती भेट नाय होती, वाटो होतो. तुमी आता हयसर रवतास म्हणान तुमचो वाटो काढलेलो. तो परत करूचो म्हणजे, मी तुमच्यातली न्हय, असा सांगणा."

"मग आता काय करू? माफी मागू?"

"माफयेन काय जाता? उद्या सकाळी जावा आणि दोरयेक हात लावा."

दुसऱ्या दिवशी मी पदर खोचून किनाऱ्यावर गेले. रांगेतली माणसं बाजूला झाली नाहीत, जागाही केली नाही. शेवटी कुठेतरी मी दोरी धरली. पाच मिनिटांत तळहात सोलले. त्या दिवशी जाळं आलं तेही रिकामं, नुसतं शेवाळ आणि चार जेलीफिश. तिसऱ्या दिवशी परत गेले. त्या दिवशी तारल्या आल्या. तांडेलाने वाटे घातले, एक ओंजळ माझ्या पिशवीत टाकली आणि रांगेकडे बघून म्हणाला, "बाईंचे हात बगा रे, लोण्याचे. पण इले." लोक हसले. सोमवारी वर्गात अकरा हात वर होते.

हे सगळं मी विसरले नव्हते. तरीही त्याचा माझ्या बेटाशी काही संबंध आहे, असं मला कित्येक वर्षं सुचलं नाही. शिकलेल्या माणसाचं असंच होतं.

बेट पुस्तकात अर्धं पान होतं. "बर्फाळ प्रदेशातील जीवन." लोक बर्फाच्या घरात राहतात, कातडी पांघरतात, कच्चं मांस खातात, प्रश्न, उत्तरं, संपलं. माझ्याजवळ मात्र कॉन्व्हेंटातल्या एका सिस्टरने दिलेलं जुनं इंग्रजी भूगोलाचं पुस्तक होतं, आणि त्यात तुम्ही राहता त्या बॅफिन बेटाची चाळीस पानं. मी ठरवलं की अर्ध्या पानाला पंधरा दिवस द्यायचे.

ओहोटीच्या वेळी मी वर्ग किनाऱ्यावर न्यायची आणि काठीने ओल्या वाळूत बेट काढायची, इतकं मोठं की कडेने चालायला दहा मिनिटं लागावीत. डोंगरांच्या जागी दगड. मग भरती येऊन बेट बुडायचं आणि दुसऱ्या दिवशी पोरं ते न बघता काढायची. पांढरं अस्वल शाळेच्या मागच्या भिंतीवर खऱ्या मापात काढलं होतं. पहिलीतली पोरं तिकडून लघवीला जाईनात, म्हणून त्याच्या तोंडावर चुना फासावा लागला.

एकदा बर्फाच्या कारखान्यातून मी दोन लाद्या आणवल्या. आमच्या पोरांना बर्फ म्हणजे मासळीवर टाकायचा चुरा, एवढंच ठाऊक. म्हटलं, बर्फावर उभं राहणं म्हणजे काय ते पायाला कळू दे. एकेकाने अनवाणी उभं राहायचं, बाकीच्यांनी आकडे मोजायचे. पैजा लागल्या. वर्गभर पाणी झालं आणि त्याला मासळीचा वास. गुरुजी दारात येऊन उभे राहिले.

"बाई, शाळा आसा की लिलाव?"

तक्रारीही आल्या. आतल्या गावचे एक काजूबागाईतदार आपल्या मुलीला हाताला धरून घेऊन आले. "बाई, माज्या चेडवाक पांढऱ्या अस्वलाचो काय उपेग? आमच्या काजींत वांदर येतत. तेंका कसा पिटाळूचा ता शिकवा." मी त्यांना सांगितलं की माकडांचा धडा पुढच्या सत्रात आहे. तो नव्हता. हे खोटं मी आज कबूल करते.

प्रश्न मात्र असे यायचे की पुस्तक अपुरं पडावं. "बाई, थंय झाडां नाय, मगे चूल कशी पेटयतत?" मी शोधून सांगितलं की तिथे दगड कोरून बशीसारखा दिवा करतात, त्यात सीलची चरबी, आणि रानकापसासारख्या एका गवताची वात. त्याच दिव्यावर शिजवायचं, त्यावरच कपडे वाळवायचे, आणि ती वात सांभाळायचं काम घरातल्या बाईचं. तुमची आई तेव्हा त्याच वर्गात होती. ती घरी आली आणि पणती पेटवून तिच्यावर अंडं उकडायला बसली. दोन तासांनी आम्ही ते कच्चंच टाकून दिलं.

त्याच वर्षीच्या स्नेहसंमेलनात मी बेटाचं नाटक बसवलं, आणि माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक तिथे झाली असती.

नाटक सोपं होतं. गोणपाटाचे अंगरखे, कापसाचं बर्फ, एकमेकांच्या नाकाला नाक घासणं, आणि शेवटी कच्च्या मांसाचा लचका तोडणं. मांस म्हणून बीट. लाल रस हनुवटीवर ओघळला की प्रेक्षक हसणार, याची मला खात्री होती. हे काम मी सुलभाला दिलं होतं. सुलभा तांडेलाची नात, तुमच्या आईच्या बाकावर बसणारी, बोलायला धीट. तालमीच्या दुसऱ्या दिवशी तिने बीट टेबलावर ठेवलं.

"मी ह्या करूचंय नाय."

"का गं? आणि नीट बोल." वर्गात शुद्ध मराठीच बोलायची, असा माझा नियम होता. मालवणी बोलणाऱ्याला मी बाकावर उभं करायची.

सुलभा मालवणीतच बोलली. "लोक हसतले."

"हसण्यासाठीच आहे ते."

"म्हणानच. गेल्या ऐतवारी मुंबयची माणसां रापणीर इली. नाक धरून फोटो काढी होती. एकान माज्या आज्याक सांगल्यान, ओ काका, तो मासा जरा तोंडात धरा ना, मजा येईल. आज्यान धरल्यान. ते हसले, आजो पण हसलो. मगे घराक येवन जेवक नाय."

तिने बीट माझ्याकडे सरकवलं.

"बाई," ती म्हणाली, "त्या बेटावरचे लोक पण आज्यासारकेच मां?"

या प्रश्नाला उत्तर एकच होतं, आणि ते मी बारा वर्षांत दिलं नव्हतं. मी "हो" म्हटलं. मग विचारलं, "तर मग काय दाखवूया?" मुलांना असा प्रश्न मी प्रथमच विचारत होते.

"मोठो प्राणी गावलो, मगे काय करतत?"

मी पुस्तक उघडलं. दर वर्षी ओलांडून गेलेल्या दोन ओळी तिथे होत्या. वॉलरस, म्हणजे लांब सुळ्यांचा अवजड समुद्री प्राणी, मिळाला की सगळी वस्ती दोरी धरून तो बर्फावर ओढते, आणि मांस प्रत्येक घरी जातं. जे शिकारीला गेले नव्हते त्यांच्याही घरी, म्हाताऱ्यांच्या घरी, ज्यांच्यात कमावणारं कोणी नाही त्यांच्या घरी.

"वाटे घालतत?"

"हो."

"अगो, ही तर रापण!" सुलभा लीनाकडे वळून म्हणाली, आणि मग सगळा वर्ग एकदम बोलायला लागला, सगळा मालवणीत. मी कोणालाही बाकावर उभं केलं नाही. त्या दिवसानंतर कधीच केलं नाही.

नाटक नवं झालं. तांडेलाने रापणीची खरी दोरी पाठवली. गोणपाटात काथ्या भरून होडीएवढा वॉलरस केला. लीना एका कोपऱ्यात दगडी दिव्याजवळ बसली, तिला वाक्य नव्हतं, फक्त वात सांभाळायची होती. पोरांनी दोरी ओढत ओढत वॉलरस रंगमंचावर आणला, आणि सुलभा वाटे घालायला बसली. काजूवाल्यांची मुलगी परक्या गावची पाहुणी झाली होती. मी तिला दोरी ओढायला लावलं होतं आणि वाटा द्यायला विसरले होते. वाटे संपले, ती रिकामी उभी. तेवढ्यात प्रेक्षकांतून तांडेल उठला.

"अगो सुलभा! त्या कडेच्या चेडवान दोरयेक हात लावलो मां? तेचो वाटो खंय?"

सुलभा वरून म्हणाली, "बाईंनी लिवूक नाय!"

"मगे बाईंका सांग, लिवूक नाय तरी घालूचो असता!"

सगळं मैदान हसलं. पण हसलं ते मला, बेटावरच्या माणसांना नाही. सुलभाने आपल्या वाट्यातला अर्धा उचलून त्या मुलीपुढे ठेवला. संमेलन संपल्यावर काजूवाले माझ्याजवळ आले. म्हणाले, "बाई, सगळा बरा झाला. पण अस्वल दाखवक नाय तुमी."

पुढच्या वर्षापासून मी क्रम उलटा केला. आधी माणसं. माणसं कळली की जमीन आणि प्राणी पोरं आपणहून विचारतात.

तरी दोन गोष्टींचं वाईट वाटतं. त्या लोकांना मी वीस वर्षं 'एस्किमो' म्हटलं. ते नाव दुसऱ्यांनी ठेवलेलं, त्यांना नको असलेलं. ते स्वतःला इनुइट म्हणतात, म्हणजे माणसं. दुसरी गोष्ट निवृत्तीनंतर वाचनात आली. तिथल्या मुलांना शाळांमध्ये त्यांची स्वतःची भाषा बोलू देत नसत. वाचलं आणि पुस्तक मिटून ठेवलं. बाकावर उभ्या केलेल्या पोरांचे चेहरे मला आठवले, नावांसकट.

आता लीना, हा भाग तुझ्यासाठी.

तिथली नोकरी मिळाली तेव्हा तू मला फोनवर म्हणालीस, "माय, दिवा सांभाळायला चालले." म्हणजे तू आणि पोरं त्या बेटावर आहात त्याला जबाबदार मीच, हे मला कबूल आहे. म्हणूनच तू विचारलंस ते मी गंभीरपणे घेतलं. पेशंटकडून काही घ्यायचं नाही हा तुझा नियम बरोबर आहे. माझाही तोच होता. पण दारात ठेवलेली ती पिशवी पेशंटची भेट असेल, असं मला वाटत नाही. मी तिथे नाही, मला नक्की माहीत नाही. तरी चाळीस वर्षांपूर्वी मी चार बांगडे परत केले होते, आणि त्यावरून सांगते. तो वाटा असणार. तुम्ही तिथे राहता म्हणून काढलेला.

पोरांना पाठवू नकोस.

हे लिहायला मला तीन दिवस लागले. दोन खाटा मला रोज दिसतात. पण आत्ता ती इथे आली, तर ते बेट त्यांच्यासाठी कायम खिडकीतून दिसणारं 'काही नाही' राहील, आणि मी तीस वर्षं काय केलं?

रूबेन, तिया, आता तुमचं काम. आईबरोबर त्या शेजारच्या आजींच्या दारी जा. भेटवस्तू नेऊ नका. रिकामी थाळी न्या आणि विचारा, काही काम आहे का? तुमच्या आईनेच मला सांगितलंय की समुद्र गोठण्याआधी तिथे सगळे आपापल्या होड्या पाण्याबाहेर ओढतात. आम्हीही ओढतो, पावसाळ्याआधी. होडी तिथली असो की इथली, तिला दोरी असते. ती दोरी धरा. कोणी जागा करून दिली नाही तर रांगेच्या शेवटी धरा. पहिल्या दिवशी काही झालं नाही तर तिसऱ्या दिवशी जा. त्या आजींना मांसाला काय म्हणतात, बर्फाला काय म्हणतात, ते त्यांच्याच भाषेत विचारा आणि चुकीचं का होईना, मोठ्याने म्हणा. त्या हसतील. हसू द्या.

तिया, झाडं आहेत. विलोचं झाड तिथे घोट्याएवढंच वाढतं, जमिनीला धरून. तू रोज शाळेत जाताना त्याच्यावर पाय देत असशील. गुडघ्यावर बसून शोध आणि मला फोटो पाठव. रूबेन, तुझ्या खिडकीतून थंडीतही एक पक्षी दिसेल, मोठा काळा कावळा. इतर पाखरं गेली तरी तो तिथून जात नाही. तो काय खातो आणि कोणाच्या मागे फिरतो, एवढं लिहून ठेव. खाटा मे महिन्यापर्यंत थांबतील. सुट्टीत या, आणि मला बेट शिकवा.

तांडेल जाऊन खूप वर्षं झाली. गुरुजीही गेले. भिंतीवरचं अस्वल रंगकामात पुसलं गेलं. पूर्वी आमच्या किनाऱ्यावर पाच रापणी होत्या, आता एकच उरली आहे. वाटे सुलभा घालते. आज सकाळी मी गेले होते. ओढण्याइतकं बळ हातात नाही, म्हणून रांगेच्या शेवटी नुसती दोरी धरली. चार तारल्या आणि एक बांगडा मिळाला. दोरीला हात लावलेल्याचा वाटा इथे अजून निघतो.